विषुववृत्तावरील देश व खंड कसे शिकवावेत

भूगोलातील काही वाक्ये मुले वर्षानुवर्षे मुखोद्गत करीत आली आहेत. ‘विषुववृत्त ही पृथ्वीच्या मध्यावरून जाणारी काल्पनिक रेषा होय’ हे त्यांपैकी एक. वाक्य बिनचूक आहे, आणि वर्गातील बहुतेक मुले ते न अडखळता म्हणतात. परंतु त्याच मुलांना ‘ही रेषा आपल्या गावापासून कोणत्या दिशेस आणि किती दूर आहे?’ असे विचारले म्हणजे वर्ग शांत होतो. एखादा धीट मुलगा उठून भिंतीवरील नकाशात भारताच्या मध्यातून गेलेल्या रेषेवर बोट ठेवतो. ती रेषा कर्कवृत्ताची असते.

विषुववृत्तावरील देशांची यादीही अशीच पाठ होते. नावे ध्यानात राहतात, पण त्या नावांमागे मुलांच्या मनात एकच चित्र असते: दाट अरण्य, असह्य उष्मा आणि रोजचा पाऊस. वस्तुतः याच रेषेवर बर्फाच्छादित पर्वत आहे, पेंग्विन पक्षी आहेत आणि पावसासाठी तळमळणारा कोरडा किनाराही आहे. एकाच सूर्याखाली इतके भिन्न देश कसे, हा प्रश्न मुलांच्या मनात उभा राहिला तरच विषुववृत्त शिकविले असे म्हणता येईल. त्या दृष्टीने हा पाठ कसा घेता येईल, याचा विचार येथे केला आहे.

नावाचा अर्थ

ज्या दिवशी दिवस आणि रात्र समान असतात त्या दिवसास विषुवदिन म्हणतात. २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या सुमारास हे दिवस येतात. त्या दिवशी मध्यान्ही सूर्य ज्या वृत्तावर बरोबर डोक्यावर येतो ते विषुववृत्त. दोन्ही ध्रुवांपासून ते सारख्याच अंतरावर असल्यामुळे पृथ्वीचे उत्तर आणि दक्षिण असे दोन गोलार्ध होतात. अक्षांशांची मोजणी येथून सुरू होते. म्हणून त्याचा अक्षांश शून्य. आपल्याकडील जुन्या ज्योतिषग्रंथांत या प्रदेशास ‘निरक्ष’, म्हणजे ज्यास अक्षांश नाही असा, म्हटले आहे. त्या ग्रंथांनी उज्जयिनीच्या रेखावृत्तावर आणि विषुववृत्तावर असलेल्या बिंदूस ‘लंका’ हे नाव दिले होते. ती लंका गणितासाठी मानलेली होती. आजचा श्रीलंका देश विषुववृत्तावर नसून त्याच्या उत्तरेस सुमारे ६ ते १० अंशांच्या दरम्यान आहे. मुलांच्या मनात या दोहोंची गल्लत होऊ नये.

शाळेच्या अंगणातून विषुववृत्त

दूरची वस्तू जवळच्या वस्तूवरून शिकवावी, हा अध्यापनाचा जुना नियम आहे. विषुववृत्तासही तो लागू पडतो. विषुवदिनी शाळेच्या अंगणात सपाट जागी १०० सेंटिमीटर उंचीची सरळ काठी ओळंब्याने उभी करावी. दुपारी बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. महाराष्ट्रात सूर्याची खरी मध्यान्ह घड्याळाच्या बारांनंतर होते, म्हणून घड्याळाकडे न पाहता सर्वांत आखूड सावली निवडावी.

ही सावली कोल्हापूरच्या आसपास सुमारे ३० सेंटिमीटर, पुण्याच्या आसपास ३३ ते ३४ सेंटिमीटर आणि नागपूरच्या आसपास सुमारे ३९ सेंटिमीटर भरेल. आता कागदावर काठी आणि सावली यांचा काटकोन त्रिकोण प्रमाणात काढून काठीच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजावा. तो कोन म्हणजेच गावाचा अक्षांश. विषुववृत्तावर त्या क्षणी सूर्य डोक्यावर असतो. आपल्याकडे तो जितके अंश दक्षिणेस कललेला दिसतो, तितके अंश आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस आहोत. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. पुण्याचा कोन साडेअठरा अंश. सबब पुण्यापासून विषुववृत्त सुमारे २,०५० किलोमीटर. कोल्हापूरपासून ते सुमारे १,८५० आणि नागपूरपासून सुमारे २,३५० किलोमीटर दूर आहे.

जुने ज्योतिषी हेच काम बारा अंगुळांच्या शंकूने करीत आणि त्याच्या विषुवदिनीच्या मध्यान्हछायेस ‘पलभा’ म्हणत. पुण्याची पलभा सुमारे चार अंगुळे येते. ज्या गावात पंचांग पाहिले जाते तेथे हा शब्द वडीलधाऱ्या मंडळींच्या परिचयाचा असण्याचा संभव आहे. मार्चमध्ये हा प्रयोग सहज होतो. सप्टेंबरात आभाळ मोकळे असल्यास तो पुन्हा करून दोन्ही सावल्या ताडून पाहाव्यात.

चाळीस मुलांचे विषुववृत्त

विषुववृत्ताची लांबी सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे. ही संख्या फळ्यावर लिहून तिचा बोध होत नाही. त्याऐवजी चाळीस मुलांना हात धरून मोठ्या वर्तुळात उभे करावे. प्रत्येक मूल म्हणजे १,००० किलोमीटर. वर्ग लहान असल्यास वीस मुले घ्यावीत आणि प्रत्येकास २,००० किलोमीटर मानावेत.

आता जमिनीच्या ठिकाणी उभ्या असलेल्या मुलांच्या हाती झाडाची हिरवी डहाळी द्यावी. आफ्रिका खंडासाठी सुमारे चार, दक्षिण अमेरिकेसाठी तीन आणि इंडोनेशियाच्या बेटांसाठी मिळून दोन अशा नऊ मुलांच्या हाती डहाळी येईल. उरलेली एकतीस मुले समुद्र होत. विषुववृत्ताचा पाऊण हिश्शाहून अधिक भाग पाण्यावरून जातो, ही गोष्ट मुले मग सहसा विसरणार नाहीत.

याच वर्तुळावरून खंडांचा प्रश्नही सुटतो. मुख्य भूमीवरून विषुववृत्त जाते असे खंड दोनच: आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका. आशिया खंडाची मुख्य भूमी संपूर्णपणे त्याच्या उत्तरेस आहे. परंतु इंडोनेशियाची बेटे आशियात गणली जात असल्यामुळे आशियाचाही विषुववृत्ताशी संबंध येतो. युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्या भूमीस ही रेषा स्पर्श करीत नाही.

पूर्वेकडून प्रदक्षिणा

विषुववृत्तावरील देश सर्वसाधारणपणे १३ गणले जातात. त्यांपैकी ११ देशांच्या भूमीवरून आणि दोन देशांच्या केवळ समुद्रातून ही रेषा जाते. नावे एका ओळीत न सांगता पृथ्वीगोलावर बोट फिरवीत त्यांची ओळख करून द्यावी. गोल नसल्यास कुंभाराकडील गोल मडक्यावर गेरूने रेषा ओढून काम भागते.

प्रवासाचा आरंभ मुंबईपासून करावा. मुंबईहून सरळ दक्षिणेस निघाल्यास अरबी समुद्रात लक्षद्वीपांच्या आसपासून जात सुमारे २,१०० किलोमीटरांवर विषुववृत्त लागते, आणि तेथील समुद्र मालदीव या देशाचा आहे. मालदीवची बेटे रेषेच्या दोन्ही अंगांस आहेत, पण रेषा स्वतः दोन बेटांमधील पाण्यातून जाते. म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा विषुववृत्तावरील अगदी सरळ शेजारी मालदीव होय.

तेथून पूर्वेकडे हिंदी महासागर ओलांडला की इंडोनेशिया येतो. सुमात्रा, बोर्निओ, सुलावेसी आणि हाल्माहेरा या मोठ्या बेटांवरून रेषा जाते. बोर्निओ बेट इंडोनेशिया, मलेशिया आणि ब्रुनेई या तीन देशांत विभागलेले आहे. विषुववृत्त त्यातील इंडोनेशियाच्याच भागातून जाते. तेथील पॉन्टियानाक शहर जवळजवळ रेषेवरच वसले आहे आणि १९२८ मध्ये तेथे विषुववृत्ताचा स्मारकस्तंभ उभारण्यात आला. मुलांच्या कल्पनेतील उष्ण, दमट आणि पावसाळी विषुववृत्त येथे खरोखरच भेटते.

पुढे पॅसिफिक महासागर. हाल्माहेरापासून गालापागोस बेटांपर्यंत सुमारे १५,००० किलोमीटर पाणीच पाणी. या विस्तारात किरिबाटी हा द्वीपदेश आहे. त्याचे नाव लिहिताना ‘किरिबाटी’ असले तरी स्थानिक उच्चार ‘किरिबास’ असा आहे. १९७९ मध्ये तो स्वतंत्र झाला. त्याची बेटे विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस विखुरली आहेत. मात्र येथेही रेषा पाण्यातूनच जाते.

त्यानंतर इक्वेडोर. स्पॅनिश भाषेत विषुववृत्तास जो शब्द आहे तेच या देशाचे नाव. गालापागोस बेटे याच देशाची. त्यांतील इसाबेला बेटावरून विषुववृत्त जाते. या बेटांभोवती थंड सागरी प्रवाह असल्यामुळे तेथे पेंग्विन राहतात. मुख्य भूमीवर अँडीज पर्वत उभा आहे. राजधानी किटो रेषेच्या दक्षिणेस अगदी जवळ, पण समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंच. त्यामुळे तेथे बारमाही थंड हवा असते. कायांबे हा ५,७९० मीटर उंचीचा ज्वालामुखी पर्वत तर बर्फाने आच्छादलेला आहे आणि विषुववृत्त त्याच्याच दक्षिण उतारावरून जाते.

पर्वत उतरून पूर्वेस गेल्यावर कोलंबियाचा दक्षिणेकडील अरण्यमय प्रदेश आणि मग ब्राझील. येथे ॲमेझॉन नदीचे विशाल खोरे आहे. नदीच्या मुखाजवळील माकापा शहरातून विषुववृत्त जाते. तेथील एका फुटबॉल क्रीडांगणाची मध्यरेषा विषुववृत्तावर येईल अशा बेताने ते बांधले आहे. एक संघ उत्तर गोलार्धात आणि दुसरा दक्षिण गोलार्धात, हे ऐकून मुलांना मौज वाटेल.

अटलांटिक महासागर ओलांडला की आफ्रिकेच्या किनाऱ्यापूर्वी साओ टोमे आणि प्रिन्सिपे हा लहानसा द्वीपदेश येतो. त्याच्या एका छोट्या बेटावरून रेषा जाते. मग आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर अनुक्रमे गॅबन, काँगो प्रजासत्ताक, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, युगांडा, केनिया आणि सोमालिया हे सहा देश लागतात. गॅबनचा चार पंचमांशांहून अधिक भूभाग अरण्याखाली आहे. काँगो नदी आपल्या प्रवाहात विषुववृत्त दोनदा ओलांडते. युगांडा आणि केनिया यांच्या दरम्यान व्हिक्टोरिया सरोवर आहे. त्याच्या उत्तर भागावरून रेषा जाते आणि तेथूनच नाईल नदीची एक मुख्य शाखा उत्तरेकडे निघते. केनियातील किसुमू हे सरोवरकाठचे गाव विषुववृत्तालगत आहे. मोंबासाहून तेथपर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला, आणि त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले होते. पुढे ५,१९९ मीटर उंचीचा केनिया पर्वत रेषेच्या किंचित दक्षिणेस उभा आहे. शेवटी सोमालियाचा सखल, शुष्क किनारा, आणि तेथून हिंदी महासागर ओलांडून पुन्हा मालदीव. प्रदक्षिणा पूर्ण होते.

सूर्य एक, हवामान अनेक

प्रवास संपल्यावर शिक्षकांनी मूळ प्रश्न विचारावा: रेषा एक, सूर्य एक, मग पॉन्टियानाक, किटो आणि सोमालियाचा किनारा यांत एवढा फरक का? उत्तर तीन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट उंची. जसजसे उंच जावे तसतशी हवा थंड होते. महाबळेश्वर आणि त्याच्या पायथ्याची वाई यांतील फरक पाहिलेल्या मुलांना हे सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट समुद्र. पॉन्टियानाकच्या भोवतालचा समुद्र उबदार आहे; त्याच्या पाण्याची वाफ होऊन ढग बनतात आणि पाऊस पडतो. गालापागोसच्या भोवतालचे पाणी थंड असल्यामुळे तेथील किनाऱ्यावर पाऊस थोडा.

तिसरी गोष्ट वारा. सोमालियाच्या किनाऱ्यावर पावसाळी ऋतूतील वारे जमिनीत शिरत नाहीत. ते किनाऱ्यास समांतर वाहतात आणि पुढे निघून जातात. म्हणून विषुववृत्तावर असूनही त्या किनाऱ्यावर पाऊस कमी पडतो.

उष्म्याबद्दलही एक गैरसमज दूर करावा लागतो. जगातील सर्वांत तप्त दुपार विषुववृत्तावर असते, असे मुलांना वाटते. तसे नाही. तेथे दिवस वर्षभर सुमारे बारा तासांचाच असतो, आणि ढग व पाऊस यांमुळे अनेक ठिकाणी ऊन सौम्य होते. उलट मे महिन्यात विदर्भात दिवस बारा तासांहून मोठा, आकाश निरभ्र आणि भूमी कोरडी असते. त्यामुळे चंद्रपूरचे तापमान ४५ अंशांवर जाते. पॉन्टियानाकची दुपार मात्र बहुधा ३२–३३ अंशांच्या आसपास राहते. विषुववृत्तावरील सखल प्रदेशात उष्मा बारमाही असतो, पण तो सर्वांत तीव्र नसतो.

काही सावधगिरीच्या सूचना

इक्वेटोरियल गिनी या देशाच्या नावात विषुववृत्त आहे, परंतु त्याच्या भूमीवरून ते जात नाही. त्याची मुख्य भूमी रेषेच्या उत्तरेस आणि एक लहान बेट दक्षिणेस आहे. नावावरून स्थान ठरवू नये, यासाठी हे उत्तम उदाहरण आहे.

शाळेत जुने नकाशे असल्यास ते टाकून देऊ नयेत, पण त्यांवरील नावे तपासावीत. आफ्रिकेतील हे देश बहुतेक १९६० ते १९६३ या काळात स्वतंत्र झाले. साओ टोमे आणि प्रिन्सिपे १९७५ मध्ये. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचे नाव १९७१ ते १९९७ या काळात ‘झाईर’ असे होते. दोन काँगो देशांची गल्लत होऊ नये म्हणून पूर्ण नावे उच्चारण्याची सवय लावावी.

पृथ्वी पूर्ण गोल नसून विषुववृत्ताशी किंचित फुगीर आहे, हेही सांगावे. १७३५ मध्ये निघालेल्या फ्रेंच शास्त्रज्ञांच्या तुकडीने आजच्या इक्वेडोरच्या भूमीवर अनेक वर्षे मोजणी करून या गोष्टीस पुष्टी दिली. विषुववृत्ताजवळचा व्यास ध्रुवांमधील व्यासाहून सुमारे ४३ किलोमीटरांनी अधिक आहे. त्यामुळे इक्वेडोरमधील चिंबोराझो हे शिखर एव्हरेस्टहून बरेच ठेंगणे असूनही त्याचा माथा पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूर आहे.

विषुववृत्तावरील काही पर्यटनस्थळी भांड्यातील पाणी रेषेच्या एका बाजूस उजवीकडे व दुसऱ्या बाजूस डावीकडे फिरत निचरताना दाखवितात. ही हातचलाखी होय. पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम वारे आणि सागरी प्रवाह यांवर होतो. घमेल्यातील पाण्यावर तो जाणवण्याइतका होत नाही.

गावाच्या पावसाशी संबंध

पाठाचा शेवट गावातच व्हावा. जून महिन्यात दक्षिण गोलार्धातून आग्नेयेकडून येणारे वारे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत, केनिया आणि सोमालियाजवळ, विषुववृत्त ओलांडतात. उत्तर गोलार्धात शिरताच पृथ्वीच्या परिवलनामुळे ते उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन सह्याद्रीवर येऊन धडकतात. हेच आपले नैर्ऋत्य मोसमी वारे. सोमालियाचा किनारा तहानलेला ठेवून पुढे गेलेला वाराच कोकणात धो धो कोसळतो आणि घाटमाथ्यावरील नद्यांना पाणी देतो. मृगाच्या सरीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचे वर्ष त्या दूरच्या रेषेवरून येणाऱ्या वाऱ्यावर अवलंबून आहे.

शेतकऱ्याच्या मुलास ही गोष्ट कळली म्हणजे विषुववृत्त ही त्याच्या दृष्टीने केवळ पुस्तकातील काल्पनिक रेषा उरत नाही. परीक्षेत त्यास ‘विषुववृत्तावरील कोणतेही पाच देश लिहा’ असा प्रश्न येईल आणि तो उत्तर लिहील. परंतु जून महिन्यात नैर्ऋत्येकडून ढग येऊ लागतील तेव्हा ‘हा वारा कोठून आला?’ असे घरी कोणी विचारल्यास त्यासही त्याच्यापाशी उत्तर असावे. शिक्षकांनी या पाठाची परीक्षा त्या उत्तराने करावी.